रुमालाचं दुसरं टोक

मय्यतीला आंघोळ घालणाऱ्या बाईला कुणी आपणहून चहाला बोलवत नाही. जुन्या नाशकात, दूधबाजाराच्या मागच्या उतारावर राहणाऱ्या जैतूनबीलाही कुणी बोलवत नसे. पण कुणाच्या घरात बाईमाणूस गेलं, की पहिला निरोप तिलाच. मग ती ओढणी डोक्यावरून घट्ट घेई, बोरीच्या पानांची आणि कापराची पिशवी उचली आणि निघे. तख्त्यावरची बाई हलक्या हाताने कुशीवर वळवायची, आधी उजवी बाजू धुवायची, मग डावी, आणि हे सगळं अंगावरची चादर न सरकवता, खालून हात घालून. "बाई मेली म्हणून तिची लाज मेली का?" असं ती म्हणायची. तिचा हात एवढा हलका, की बघायला बसलेल्या म्हाताऱ्या आपसात कुजबुजत, आपली वेळ आली की जैतूनखालाच यावी बाई.

दिसायला म्हणाल तर बेताची. काळीसावळी, बुटकी, पुढचा एक दात अर्धा तुटलेला. तो कशाने तुटला हे सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं आणि त्याबद्दल एकानेही कधी ब्र काढला नव्हता. आपल्याकडची रीतच ती. दुसऱ्याच्या घरातलं भांडण भिंतीला कान लावून ऐकायचं, आणि मदतीला हाक आली की म्हणायचं, तो त्यांचा घरचा मामला.

तिचा नवरा गफूर कल्हईवाला. तेव्हा तांब्या-पितळेची भांडी घरोघर होती आणि गफूरचा भाता दिवसभर चालू असे. खाकीशाह बाबांच्या दर्ग्यातल्या उरुसाच्या मोठ्या डेगासुद्धा कल्हईला त्याच्याकडेच येत. हाताचा कसबी, डोक्याचा तिरसट. भांडं उजळलं नाही की राग बायकोवर, गिऱ्हाईक आलं नाही की राग बायकोवर, आणि सगळं मनासारखं झालं की दारू ढोसून पुन्हा तिच्यावरच हात साफ करायचा. एका गुरुवारी त्याने तिच्या तोंडावर सांडशी हाणली. जैतूनबीने तोंडातलं रक्त नळावर धुतलं, दोन वर्षांची दिलशाद कडेवर घेतली आणि घर सोडलं. आईबाप गेलेले, भावाने दार उघडलं नसतं. ती सरळ दर्ग्यात गेली.

सूफी म्हटलं की लोकांना कव्वाली आणि हिरवी चादर आठवते. तेवढंच असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. दर्ग्याला लागून एक खानकाह होती, म्हणजे पीर आणि त्याचे शिष्य यांची बसाउठायची जागा. तिथले पीर बडे हुजूर. पांढरी दाढी, पायात साध्या वहाणा, बोलणं थोडं. ते सांगायचे, शरीयत म्हणजे गोदावरीचा घाट. घाट सोडून भलतीकडून उतराल तर आपटाल. तरीकत म्हणजे पाण्यात पाऊल टाकणं. हकीकत म्हणजे बुडी. आणि मारिफत म्हणजे बुडी मारल्यावर पाणी कुठलं आणि मी कुठला हेच न उरणं. घाटावर बसून पाण्याच्या गप्पा मारणारे ढीगभर, बुडी मारणारा एखादाच. पण ज्याला पोहता येत नाही त्याने पोहणाऱ्याचा हात धरावा. तो पोहणारा म्हणजे मुर्शिद, पीर. त्याचा हात धरणारा तो मुरीद. पीराने आपल्या पीराचा हात धरलेला, त्याने त्याच्या पीराचा, अशी हातात हात देत गेलेली साखळी थेट पैगंबरांपर्यंत पोचते, तिला म्हणतात सिलसिला. आणि त्या साखळीत आपला हात देणं म्हणजे बैअत. ज्याला पीर नाही त्याचा पीर शैतान, असं या लोकांत म्हणतात. कयामतीच्या दिवशी आई लेकराला ओळखणार नाही, पण पीर आपल्या मुरिदाला त्या गर्दीतून हाताला धरून बाहेर काढेल, हा त्यांचा भरवसा.

बाईचा हात मात्र पीर धरत नाही, ती परकी. म्हणून बायकांच्या बैअतीला मध्ये पडदा असतो आणि पडद्याखालून एक लांब रुमाल येतो. त्याचं एक टोक पीराच्या हातात, दुसरं बाईच्या.

त्या गुरुवारी दुपारी पडद्यापुढे बऱ्याच बायका बसल्या होत्या. रुमाल बाहेर आला. आतून घोगरा, संथ आवाज आला. त्याने आधी तोबा म्हणवून घेतली, कलमा म्हणवून घेतला, मग एकेकीला विचारलं, काय मागणं आहे. कुणाला मूल हवं होतं, कुणाच्या नवऱ्याला नोकरी. जैतूनबीची पाळी आली तेव्हा सुजलेल्या ओठांतून ती एवढंच म्हणाली, "हुजूर, तो मारतो. परत जाऊ का नको?"

पडद्यामागून आवाज आला, "कल्हईवाल्याची बायको ना तू? मग भांडं तापल्याशिवाय कल्हई धरत नाही, हे तुला मी सांगायचं? घर हीच तुझी खानकाह. जा, सब्र कर."

जैतूनबीच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिने नाव सांगितलं नव्हतं, नवऱ्याचा धंदा सांगितला नव्हता. पडद्याआडून हुजूरांनी तिचं अख्खं घर बघितलं होतं. झालं, त्या घटकेपासून ती बाई त्या आवाजाची झाली. दिवस मावळायच्या आत लेकीला घेऊन ती घरी परतली. दार उघडल्यावर गफूरने काय केलं, ते सांगत बसण्यात अर्थ नाही.

दर्ग्याच्या दारात सिंधुबाई फुलं विकायला बसते. नाशिकला कोणे एके काळी गुलशनाबाद म्हणायचे. त्या गुलशनातले सिंधुबाईच्या पाटीतले गुलाब तेवढे आता शिल्लक आहेत. तोंडाची फटकळ, मनाची निर्मळ. जैतूनबीची आणि तिची तेव्हापासूनची दोस्ती, आणि तेव्हापासूनचंच भांडण.

"असला कसला गं तुझा पीर?" सिंधुबाई म्हणायची. "मारक्या बैलाच्या गोठ्यात परत जा म्हणतो? आमच्यात गुरू असं बोलला तर मी त्याला माझ्या हातानं चार ठेवून दिल्या असत्या."

"सिंधुताई, तुला नाही कळायचं ते. नफ्स म्हणजे आतला 'मी'. तो मोडायचा असतो. ज्याचा त्याला."

"अगं, तुझा कसला मी? तुझ्यात मी शोधायला कंदील लागंल."

जैतूनबी हसायची. तिने हुजूरांची वाट मनापासून धरली होती, यात काही खोट नव्हती. पहाटे उठून जिक्र करायची, श्वास सोडताना 'ला इलाह', घेताना 'इल्लल्लाह'. खानकाहच्या अंगणात पडद्याआड बसून ऐकलेलं तिने पक्कं धरलं होतं, की नफ्सच्या तीन पायऱ्या. पहिली अम्मारा, जी माणसाला वाईटाकडे हाकते. दुसरी लव्वामा, जी केल्यावर माणसाला खाते. आणि तिसरी मुत्मइन्ना, जिथे सगळं निवतं. गफूरचा हात उठला की ती डोळे मिटून आत जिक्र चालू करायची. तिला वाटायचं, तापतंय भांडं.

गंमत बघा, बडे हुजूर स्वतः दुसरंच सांगायचे. मार खाऊन आलेली बाई ते परत पाठवत नसत. अंगणापलीकडे एक खोली होती, तिथे तिला ठेवून घेत, नवऱ्याला बोलावून चार माणसांत फैलावर घेत. जुलूम सोसणं म्हणजे सब्र नव्हे, असं ते एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते. ते जैतूनबीने आपल्या कानांनी ऐकलं. कुणी दुसरी असती तर तिथेच उठून म्हणाली असती, हुजूर, मग मला का पाठवलंत? पण या वाटेवर तसं विचारत नाहीत. मुरिदाने मुर्शिदाच्या हातात असं असावं जशी आंघोळ घालणाऱ्याच्या हातात मय्यत. वळवेल तिकडे वळायचं, का म्हणून विचारायचं नाही. शिवाय तबीब एकच असला तरी प्रत्येकाचं औषध वेगळं. जैतूनबीने मनाशी धरलं, त्या बायकांना गोड औषध, मला कडू. म्हणजे माझी जात पक्की, म्हणून मला मोठ्या आचेवर ठेवलंय. मार खाणाऱ्या बाईला अभिमान कशाचा वाटावा? तर याचा वाटला.

एकदा बडे हुजूर अंगणातून जाताना ती समोर आली. त्यांनी बाजूच्या म्हातारीला विचारलं, "कोण ही?" जैतूनबीला ते लागलं नाही. ओळख न दाखवून हुजूर माझा 'मी' पुसतायत, असं तिला वाटलं आणि घरी जाऊन तिने शुक्राची, म्हणजे आभाराची, नमाज पढली. काय बोलावं या बाईला.

पुढे गफूर छातीच्या रोगाने मेला. मोहल्ल्यातल्या एका म्हातारीने तिला मय्यत धुवायचं काम शिकवलं. बडे हुजूरही गेले, गादीवर त्यांचा मुलगा बसला, त्याला छोटे हुजूर म्हणतात. आणि जैतूनबीकडे बायका येऊ लागल्या. नव्या पीराकडे मोबाईल घेतलेल्या पोरांचीच गर्दी, आणि ही तर जुन्या हुजूरांची मुरीद, शांत, कुणाचं चार ठिकाणी न सांगणारी. दर गुरुवारी ती सिंधुबाईच्या पाटीशेजारच्या ओट्यावर बसे. कुणी येऊन रडली, की ती पाठीवर हात फिरवी आणि हुजूरांनी आपल्याला काय सांगितलं ते सांगे. घर हीच खानकाह. जा, सब्र कर. बायका डोळे पुसून परत जात. सिंधुबाई पलीकडे फुलांवर पाणी शिंपडत पुटपुटत बसे.

दिलशादला मालेगावला दिली होती. यंत्रमागवाल्यांचं घर, खाऊनपिऊन बरं. तिथे रात्रंदिवस माग धडधडत असतात. घरातली बाई ओरडली तरी शेजारी ऐकू जात नाही. करोना यायच्या वर्षभर आधीच्या थंडीत एका सकाळी दिलशाद एसटीने एकटीच आली. घरी जायची तिला हिंमत झाली नाही, ती सिंधुबाईपाशी बसली. सिंधुबाईने तिचा सुजलेला डोळा बघितला, चहा पाजला आणि जैतूनबीला बोलावणं धाडलं.

"अम्मा, मी आता जायची नाही," दिलशाद म्हणाली. "मारून टाकतील ते मला."

जैतूनबीने तिच्या केसांवरून हात फिरवला. मग तेच सांगितलं, शब्दाला शब्द.

"ते तुला सांगितलं होतं हुजूरांनी. मला कुठे सांगितलंय?"

"मला सांगितलं म्हणजे तुला सांगितलं. तू माझ्या कडेवर होतीस तेव्हा."

सिंधुबाईला राहवलं नाही. "दोन दिस माझ्याकडं राहू दे पोरीला. तुझ्या पीराचा आणि माझा काय संबंध नाय. मी ठेवते."

"सिंधुताई, तू मध्ये पडू नको." एवढ्या वर्षांत जैतूनबीचा आवाज पहिल्यांदा चढला. तिने स्वतः लेकीला द्वारका चौकात नेऊन मालेगावच्या गाडीत बसवलं, खिडकीतून तिच्या हातात केळी दिली. दिलशादने केळी मांडीवर ठेवली आणि आईकडे बघितलंसुद्धा नाही.

रमजानच्या आधी फोन आला. कपडे वाळत घालताना गच्चीवरून तोल गेला म्हणे.

मालेगावच्या त्या घरात बायका म्हणाल्या, आईने कशाला, दुसरी कुणीतरी आंघोळ घालेल. जैतूनबी म्हणाली, माझ्याच हाताने. पडदा लागला. तिने चादरीखाली हात घातला आणि तिच्या हातांना सगळं कळलं. पाठीवरचे वळ गच्चीवरून पडल्याचे नव्हते. काही जुने होते, काही त्या आठवड्यातले, एकावर एक. मनगटावर दोरीची खूण होती. पडद्याबाहेर सासू उभी होती, तिच्यामागे हवालदार. सासूने विचारलं, "काही दिसलं का?"

मय्यतीच्या अंगावर जे दिसेल ते धुणारीने बाहेर सांगू नये, हा त्या कामाचा दस्तूर. तो मेलेल्या जिवाची अब्रू झाकायला केलेला आहे, मारणाऱ्याची नव्हे. हे काय जैतूनबीला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. पण तिच्या आत तो घोगरा आवाज बोलत होता. ती म्हणाली, "पडल्याचंच आहे." उजवी बाजू धुतली, मग डावी. डोळ्यांतून एक टिपूस काढलं नाही. परतताना बायका म्हणाल्या, ही बाई नाही, वली आहे, अल्लाहच्या जवळची. जैतूनबीला वाटलं, हीच ती तिसरी पायरी. सगळं निवलं. पोरगी गेली, पण हुकुमात गेली, वाया गेली नाही. त्या एका वाक्यावर ती उभी होती. ते काढून घेतलं असतं तर खाली काहीच नव्हतं.

आणि गेल्या वर्षीच्या उरुसात ते काढून घेतलं गेलं, तेही हसत हसत.

छोटे हुजूर माणूस वाईट नाही. पन्नाशी उलटलेला, गोरागोमटा, बोलघेवडा. हात सैल, मनात कपट नाही. उरुसाला मुंबईहून पाहुणे आलेले. ते दिवाणखान्यात लोडाला टेकून बसलेले आणि जाळीच्या अलीकडे स्वयंपाकघरात बायका जर्द्याच्या गोड भाताचे तांदूळ निवडत होत्या, त्यांत जैतूनबी. कुणीतरी पाहुणा म्हणाला, हुजूर, वालिदसाहेबांचा एखादा किस्सा सांगा.

"अब्बांचा काय सांगू, माझाच सांगतो," छोटे हुजूर म्हणाले. "एकोणीस-वीस वर्षांचा असेन. गुरुवार होता आणि अब्बा दिंडोरीला एका मुरिदाच्या द्राक्षबागेत दुवा करायला गेलेले. यायला उशीर. इकडे पडद्यापुढे बायका ताटकळल्यात, पोरं रडतायत. अम्मी म्हणाली, सांग त्यांना, पुढच्या गुरुवारी या. मला सुचली मस्ती. बसलो पडद्याआड, रुमाल सोडला बाहेर, आणि अब्बांचा आवाज काढून सगळ्यांना मुरीद करून टाकलं."

दिवाणखाना हसला.

"आणि ऐका, त्यात एक कल्हईवाल्याची बायको. तिचा नवरा आमच्या डेगा करायचा, त्यामुळे मी पडद्याच्या फटीतून ओळखलं. ती म्हणते, नवरा मारतो, जाऊ का परत? आता मला काय ठाऊक नवरा-बायकोतलं? पण बोलून गेलो, भांडं तापल्याशिवाय कल्हई धरत नाही, घर हीच तुझी खानकाह. सांगा, त्या वयात असं सुचायला काय पाहिजे?"

वाहवा, वाहवा झाली. एकाने ते पुन्हा म्हणायला लावलं आणि मोबाईलवर घेतलं. स्वयंपाकघरातल्या बायकाही तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यांच्यातल्या एकीने जैतूनबीला कोपराने ढोसलं, "खाला, तुम्हीही त्याच वेळच्या ना? तुम्हाला मुरीद कुणी केलं, बडे का छोटे?" जैतूनबीने ताटातला खडा उचलला, बाजूला टाकला, दुसरा उचलला.

पाहुणे जेवायला उठल्यावर ती छोट्या हुजूरांपुढे जाऊन उभी राहिली. "ती कल्हईवाल्याची बायको मी," ती म्हणाली.

ते आधी चपापले, मग कानाची पाळी धरून हसले. "अरे, अम्मा, माफ करा. पोरवय होतं. आणि हे बघा, रुमाल कुणी धरला ते अल्लाह बघत नाही, तो नियत बघतो. तुमची नियत साफ होती ना? मग झालं."

"बडे हुजूर असते तर त्यांनी मला काय सांगितलं असतं?"

छोटे हुजूर खोटं बोलणारे नव्हते, हीच तर त्यांची खोड. "अब्बा? अब्बांनी तुम्हाला ठेवूनच घेतलं असतं. मारलेली बाई त्यांनी कधी परत धाडली नाही. म्हणून तर मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही, चामडी लोळवली असती माझी." मग त्यांना तिची कीव आली. खांद्यावरचा रुमाल काढून त्यांनी एक टोक पुढे केलं. "घ्या, धरा. आज रीतसर करून टाकू. मुलंबाळं काय तुम्हाला?"

"एक होती."

"अल्लाह सब्र देवो," ते म्हणाले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि बोलत बोलत ते पाहुण्यांकडे गेले.

जैतूनबी घरी जाऊन पडली. जिक्र करायला गेली तर श्वास नुसताच आत-बाहेर होई, त्याला नाव चिकटेना. आता तिला मनगटावरची ती खूण हाताला लागत होती, भांडी घासताना, पीठ मळताना, कुठेही. दुसरी पायरी, लव्वामा, माणसाला खाणारी. ती कुठेतरी मागे राहिली असं तिने धरलं होतं, आणि ती पुढ्यात येऊन बसली होती. दोन दिवसांनी तिने सिंधुबाईला सगळं सांगितलं. सिंधुबाईने ते ऐकलं आणि फुलांची पाटी बाजूला सारली. ती जैतूनबीला कुशीत घेऊन रडली. दिलशादसाठी तिला रडताना जैतूनबी कोरड्या डोळ्यांनी बघत राहिली.

"आता एक कर," सिंधुबाई नाक पुसत म्हणाली. "तुझी पोर गेली ती गेली. आता ज्या येतील त्यांना तरी खरं सांग. म्हणावं, जाऊ नका. तुझ्या खऱ्या पीराचं बोलणं तेच व्हतं ना?"

जैतूनबीने मान हलवली. सांगेन म्हणाली.

पुढच्या गुरुवारी तरन्नुम आली. वडाळा गावची, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, ओठ फाटलेला, हातात कपड्यांची पिशवी. येऊन ओट्यापाशी बसली आणि जैतूनबीच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. "खाला, लोक म्हणतात तुम्ही बडे हुजूरांच्या मुरीद. तुम्ही सांगाल तसं करते. जाऊ का परत?"

सिंधुबाईने हार ओवता ओवता सुई थांबवली.

जाऊ नको, एवढं म्हणायचं होतं. जैतूनबीने तोंड उघडलंही होतं. पण हिला जाऊ नको म्हणायचं म्हणजे दिलशादलाही म्हणता आलं असतं, असं होत होतं. हिला सिंधुबाईकडे ठेवून घ्यायचं म्हणजे तिलाही ठेवता आलं असतं. ही पोर वाचली, की दिलशादला मारणारी मालेगावची माणसं नव्हती, एक एसटीत बसवणारी बाई होती. ती तरन्नुमच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "परत जा, बेटी. सोस. याचं फळ मिळतं."

"जैतून!" सिंधुबाई हार टाकून उठली. "ए पोरी, ऐकू नको हिचं. ते बोल हुजूरांचे नव्हतेच, त्यांच्या पोराने मस्करी केलेली. हिला विचार. हिच्या तोंडून ऐक."

तरन्नुमने घाबरून वर बघितलं. "खाला, खरंय का?"

जैतूनबीने दर्ग्याच्या घुमटाकडे हात केला. "बाबांची शपथ घेऊन सांगते, बडे हुजूरांच्या तोंडून मी माझ्या कानांनी ऐकलंय. फुलवालीला काय कळतं त्यातलं?"

पोरीने तिचा हात डोळ्यांना लावला, पिशवी उचलली आणि रिक्षाला हात केला. सिंधुबाई रिक्षामागे वळणापर्यंत धावली, पण म्हातारे पाय, किती धावणार? परत येऊन तिने पाटी उचलली आणि दर्ग्याच्या दुसऱ्या दाराशी जाऊन मांडली. त्या दिवसापासून तिने जैतूनबीशी बोलणं टाकलं, आणि जैतूनबीने त्यावरही सब्र केला.